तिसरा होस्ट जोडताना गेलेले बारा दिवस

आमच्या खासगी क्लाउडमध्ये दोन केव्हीएम होस्ट होते, तिसरा जोडायचा होता. (केव्हीएम म्हणजे लिनक्सवर आभासी मशीन, म्हणजे व्हीएम, चालवायची सोय; होस्ट म्हणजे त्या ज्याच्यावर चालतात तो सर्व्हर.) वर सगळ्यांचा कारभार बघणारं अपाची क्लाउडस्टॅक, होस्टवर उबंटू लिनक्स, स्टोरेज एनएफएसवर, म्हणजे नेटवर्कवरून वाटून घेतलेल्या डिस्कवर. क्लाउडस्टॅकच्या स्क्रीनवर 'ॲड होस्ट' नावाचं बटण आहे. झोन, पॉड आणि क्लस्टर (होस्टचे मोठ्यापासून लहानापर्यंतचे गट) निवडायचा, होस्टचा पत्ता आणि लॉगिनची माहिती भरायची आणि ओके दाबायचं. सोमवारी, ३ तारखेला सकाळी साडेदहाला मी ते पहिल्यांदा दाबलं. होस्ट खऱ्या अर्थाने कामाला लागला तो शुक्रवारी, १४ तारखेला संध्याकाळी.

मधल्या बारा दिवसांत काय काय झालं ते तारखेवार लिहिते आहे. मी या विषयातली जाणकार नाही. आधीचे दोन्ही होस्ट ज्याने उभे केले तो सहकारी दुसरीकडे गेला आणि जाताना दीड पानाची टिपणवही माझ्या हातात ठेवून गेला. घाईचं कारण असं, की शनिवारी १५ तारखेला पहिल्या होस्टची मेमरी बदलायची ठरली होती. त्यावरची २३ व्हीएम कुठेतरी हलवायला हवी होती आणि दुसऱ्या होस्टवर एवढी जागा नव्हती.

एक गोष्ट मला बुधवारी कळली, ती इथे आधीच सांगते. ओके दाबल्यावर पडद्यामागे दोन वेगळे प्रवास होतात. आधी मॅनेजमेंट सर्व्हर (क्लाउडस्टॅक ज्यावर चालतं ते मशीन) एसएसएचने, म्हणजे दुरून लॉगिन करून, होस्टवर शिरतो, तिथे केव्हीएम चालू आहे का बघतो आणि एजंट, म्हणजे होस्टवरचा क्लाउडस्टॅकचा हस्तक, बसवणारी स्क्रिप्ट चालवतो. ती स्क्रिप्ट लिबव्हर्टच्या (होस्टवर व्हीएम सांभाळणाऱ्या सेवेच्या) सेटिंग बदलते, 'एजंट.प्रॉपर्टीज' नावाची फाइल लिहिते आणि एजंट सुरू करते. इथे दिशा उलटते. आता होस्टवरचा एजंट मॅनेजमेंट सर्व्हरच्या ८२५० पोर्टवर जाऊन दार वाजवतो. पहिला प्रवास झाला आणि दुसरा अडला, तरी स्क्रीनवर दिसतो तो एकच लाल चौकोन: होस्ट जोडता आला नाही.

३ तारीख, सोमवार

पहिला प्रयत्न अर्ध्या मिनिटात आपटला. एरर चांगली चार ओळींची होती आणि तिच्यात जागोजागी 'कॉम.क्लाउड' असं काहीतरी लिहिलेलं. मला वाटलं, हा सर्व्हर बाहेर इंटरनेटवर कुठल्यातरी साइटला जोडायला बघतोय आणि आपल्याकडे बाहेरचा रस्ता बंद आहे. तासभर मी प्रॉक्सीच्या सेटिंग शोधत बसले. खरं कारण गंमतीचं आहे. हे सॉफ्टवेअर ज्या कंपनीत जन्मलं तिचं नाव क्लाउड.कॉम होतं. २०११ मध्ये सिट्रिक्सने ती विकत घेतली, २०१२ मध्ये कोड अपाचीकडे दिला. कोडमधल्या पॅकेजना मात्र जुनंच नाव चिकटून राहिलं. म्हणजे ते माहेरचं आडनाव आहे, पत्ता नव्हे.

खरी अडचण साधी होती. उबंटू रूट युजरला, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याला, पासवर्डने एसएसएच करू देत नाही आणि मी फॉर्ममध्ये रूटचा पासवर्ड भरला होता. आमच्याकडे रूटचा पासवर्ड उघडायचा तर सुरक्षा विभागाचा अपवाद-अर्ज लागतो: कुठलं मशीन, किती दिवस, का, आणि काम झाल्यावर बंद कोण करणार. तीन कामाचे दिवस धरा, असं त्यावरच छापलेलं असतं. मी मुकाट्याने अर्ज भरला. पाठवून झाल्यावर सहज तो 'ॲड होस्ट'चा फॉर्म पुन्हा उघडला, तर पासवर्डच्या शेजारीच दुसरा पर्याय: सिस्टीमची एसएसएच की. मॅनेजमेंट सर्व्हरची सार्वजनिक की नव्या होस्टच्या रूटच्या अधिकृत कींच्या यादीत टाकली की पासवर्डचं कामच नाही. दहा मिनिटांत झालं. मग मी अर्ज मागे घ्यायला गेले. अर्ज मागे घ्यायचाही अर्ज असतो.

दुपारी दुसरा प्रयत्न. एसएसएच झालं, पण होस्टवर केव्हीएमचं डिव्हाइस सापडेना. प्रोसेसरमधली व्हर्च्युअलायझेशनची सोय बायोसमध्ये बंद होती. ती चालू केली आणि रीबूट केलं. या सर्व्हरला नुसता उठून बसायला आठ मिनिटं लागतात हे त्या दिवशी कळलं. पुढे मला ती आठ मिनिटं पाठ झाली.

४ तारीख, मंगळवार

टिपणवहीत लिहिलं होतं: 'ब्रिज आधी बनव.' एवढंच. कुठला, कशावर, काही नाही. (ब्रिज म्हणजे होस्टच्या नेटवर्क कार्डाला व्हीएम जोडणारा सॉफ्टवेअरमधला स्विच.) मी जुन्या होस्टवर जाऊन पाहिलं. तिथे दोन ब्रिज होते, 'क्लाउडबीआर०' आणि 'क्लाउडबीआर१'. पहिल्यावर होस्टचा स्वतःचा आयपी आणि मॅनेजमेंटची वाहतूक, दुसऱ्यावर व्हीएमची वाहतूक. म्हणजे नव्या होस्टवर नेटवर्क कार्डावरचा आयपी काढून ब्रिजवर ठेवायचा. ज्या फांदीवर बसलोय तीच कापायचं हे काम, कारण मी त्याच आयपीवरून एसएसएचने आत होते.

उबंटूत नेटप्लॅनला, म्हणजे नेटवर्कच्या सेटिंग सांभाळणाऱ्या साधनाला, 'ट्राय' नावाची सोय आहे. बदल लागू होतो आणि १२० सेकंदांत तुम्ही होकार दिला नाही तर सगळं पूर्ववत होतं. मी त्या भरवशावर होते. पण ब्रिजला एसटीपी (नेटवर्कमध्ये वाहतूक गोल गोल फिरू न देणारी सोय) बंद करण्यासारखी खास सेटिंग दिलेली असली की 'ट्राय' हात वर करतो. असे बदल मागे घेता येत नाहीत, फाइल नीट तपासा आणि थेट 'अप्लाय' करा, असं तो सांगतो. फाइल नीट तपासली. 'अप्लाय' केलं. टर्मिनल थिजलं.

रिमोट कन्सोल, म्हणजे सर्व्हरचं नेटवर्क बंद असतानाही त्याचा स्क्रीन आणि कीबोर्ड दुरून देणारी सोय, उघडला. छोटीशी काळी खिडकी, कॉपी-पेस्ट चालत नाही, कळ दाबल्यावर अक्षर उमटायला अर्धा सेकंद. 'आयपी' कमांड दिली तर ब्रिज होता, त्याला आयपीही होता, पण त्याच्या पोटात कार्डच नव्हतं. नेटप्लॅनच्या वायएएमएल फाइलमध्ये (जिथे डावीकडच्या स्पेसवरून पातळी ठरते) 'इंटरफेसेस'ची ओळ दोन स्पेस डावीकडे सरकली होती आणि ती ब्रिजच्या नव्हे, भलत्याच पातळीवर गेली होती. त्या काळ्या खिडकीत दोन स्पेस टाइप करायला मला वीस मिनिटं लागली. पहिल्यांदा तीन पडल्या, मग खोडताना चार गेल्या.

नेटवर्कला हात लावण्याआधी रिमोट कन्सोलचा पासवर्ड चालतो ना, हे लॉगिन करून बघा. माझा चालत होता, पण तो चालतोय हे मला आधी माहीत नव्हतं, आणि टर्मिनल थिजल्यापासून ती खिडकी उघडेपर्यंतचा दीड मिनिट मला अजून आठवतो.

त्याच दिवशी होस्टचं नावही दुरुस्त केलं. होस्टला नाव विचारलं की पूर्ण डोमेन नावासह उत्तर आलं पाहिजे. माझ्याकडे नुसतं छोटं नाव येत होतं. होस्ट्स फाइलमध्ये एक ओळ घातली, संपलं.

५ तारीख, बुधवार

आता प्रयत्न लवकर आपटेना. चाक फिरत राहिलं. मी घड्याळ लावलं. पाच मिनिटांच्या आसपास तो थांबला आणि म्हणाला, होस्ट मॅनेजमेंट सर्व्हरला जोडला जाण्याची वाट पाहिली, वेळ संपली, जमलं नाही असं धरून चालतो. पुन्हा केलं, पुन्हा पाच मिनिटं. चारदा केलं. चार वेळा तेच करून पाचव्यांदा वेगळं काही होईल अशी आशा का वाटते, देव जाणे.

इतका वेळ मी एकाच लॉगवर डोळे लावून बसले होते, मॅनेजमेंट सर्व्हरच्या. त्यात नुसतं 'वाट पाहतोय'. दुसरा लॉग होस्टवर असतो, व्हार-लॉगखाली क्लाउडस्टॅकच्या एजंट फोल्डरमध्ये. तिथे दोन फाइली: एक बसवणीची, एक एजंटची. बसवणीची फाइल म्हणत होती, सगळं यशस्वी. एजंटची फाइल दर काही सेकंदांनी तीच ओळ ओकत होती: ८२५० वर जोडतोय, जोडता येत नाही. म्हणजे घोडं अडलं होतं ते परतीच्या वाटेवर.

दोन्ही लॉग शेजारी ठेवून वाचताना वेळा जुळेनात. मॅनेजमेंट सर्व्हरचं घड्याळ यूटीसी दाखवत होतं आणि नव्या होस्टचं स्थानिक वेळ. काही काळ मी वेगवेगळ्या प्रयत्नांच्या ओळी एकमेकींना जोडून अर्थ लावत होते. आधी दोन्हींचं टाइमझोन एक करा आणि मग वाचायला बसा.

पोर्ट उघडं आहे का हे मी सोमवारीच तपासलं होतं. पण ते माझ्या लॅपटॉपवरून, आणि लॅपटॉप ॲडमिन नेटवर्कमध्ये, जिथून सगळंच उघडं. आता होस्टवर बसून नेटकॅटने, म्हणजे पोर्ट तपासायच्या कमांडने, मॅनेजमेंटच्या ८२५० ला हाक मारली. शांतता. मधल्या फायरवॉलमध्ये जुन्या दोन होस्टचे पत्ते नावानिशी लिहिलेले होते, तिसऱ्याचा कुठून असणार?

फायरवॉलचा बदल म्हणजे बदल-विनंतीचा फॉर्म: कुठून, कुठे, पोर्ट, प्रोटोकॉल, दिशा, कारण, आणि बिघडलं तर पूर्ववत कसं करणार. दिशेच्या रकान्यात मी 'दोन्ही बाजूंनी' लिहिलं. चार तासांनी फॉर्म परत. नेटवर्क टीममधल्या सीनियरना सगळे दादा म्हणतात. त्यांना फोन केला.

"अगं, दोन्ही बाजूंनी असं काही नसतं. फोन कोण लावतं ते सांग."

"म्हणजे काय दादा?"

"पहिला फोन कोण कुणाला लावतं? उत्तर तर आपोआप परत येतंच. लावणारा कोण?"

तेव्हा मी कागद घेतला आणि दोन चौकोन काढून बाण काढायला लागले. २२ वर, म्हणजे एसएसएचच्या पोर्टवर, मॅनेजमेंटकडून होस्टकडे. ८२५० वर होस्टकडून मॅनेजमेंटकडे. वर लिहिलेले दोन प्रवास मला त्या कागदावर पहिल्यांदा दिसले. फॉर्म तिथल्या तिथे दुरुस्त करून पाठवला.

बदल-समितीची बैठक दर गुरुवारी चारला असते. मंजूर झालेले बदल सोमवारी सकाळी लागू होतात.

६ ते ९ तारीख

थांबले.

खरं सांगायचं तर नुसती थांबले नाही, आणि तिथेच पुढचा एक खड्डा खणून ठेवला. रिकामा वेळ होता म्हणून जुन्या होस्टवरची लिबव्हर्टची फाइल उघडली. ती चालू असलेल्या मशीनची फाइल, म्हणजे बरोबरच असणार, असं म्हणून अख्खी उचलून नव्या होस्टवर ठेवली. तशीच एजंटच्या फाइलमधली सीपीयूच्या मॉडेलची ओळही उचलली. नवा सर्व्हर नव्या पिढीचा आहे. व्हीएमला सगळीकडे एकच, जुन्या पिढीला झेपेल असं सीपीयू मॉडेल दाखवलं नाही, तर नव्यावर सुरू झालेली व्हीएम जुन्यावर परत जायला नकार देऊ शकते. ही दुसरी नक्कल पुढे उपयोगी पडली. पहिलीचं पुढे येतंच आहे.

शुक्रवारी नव्या होस्टच्या यूएफडब्ल्यूमध्ये, म्हणजे त्याच्या स्वतःच्या फायरवॉलमध्ये, टिपणवहीतले पोर्ट उघडले: १६५०९ लिबव्हर्टसाठी, ४९१५२ ते ४९२१५ व्हीएमच्या मेमरीची वाहतूक होते त्यासाठी. शनिवार-रविवार फोनला हात लावला नाही, असं लिहायला आवडलं असतं.

१० तारीख, सोमवार

सकाळी अकराला दादांचा मेसेज, 'बघ आता'. नेटकॅट लगेच जोडलं गेलं. 'ॲड होस्ट' दाबलं आणि मिनिटभरात यादीत होस्टचं नाव आलं. मी खुर्चीतून उठलेच होते तेवढ्यात त्याच्यापुढे 'अलर्ट' असं उमटलं.

मॅनेजमेंटच्या लॉगमध्ये या वेळी स्वच्छ लिहिलं होतं: गेस्ट नेटवर्क या होस्टवर दिलेल्या नावाने सापडत नाही. क्लाउडस्टॅकमध्ये प्रत्येक प्रकारच्या वाहतुकीला एक लेबल असतं आणि त्या लेबलच्या नावाचा ब्रिज प्रत्येक होस्टवर असावा लागतो. अक्षर न् अक्षर तोच. मंगळवारच्या त्या काळ्या खिडकीच्या धांदलीत मी दुसऱ्या ब्रिजचं नाव 'क्लाउडबीआर२' ठेवलं होतं, कारण तो दुसरा होता. मोजणी शून्यापासून आहे हे समोर दिसत असताना.

नाव बदललं. पुन्हा जोडायला गेले तर म्हणे, हा होस्ट आधीच डेटाबेसमध्ये आहे. होताच, 'अलर्ट' अवस्थेत. मागच्या प्रयत्नाचं मढं आधी हलवावं लागतं. मग रीतच ठरवून टाकली: होस्टवर एजंट बंद करायचा, नाहीतर तो जुन्या फाइलवरून दार वाजवतच राहतो. मग स्क्रीनवरून होस्ट काढून टाकायचा, गरज पडल्यास 'फोर्स'ची खूण करून. एजंटची फाइल मूळ रूपात आणायची. मगच नवा प्रयत्न. सोमवारपासून बुधवारपर्यंत मी हे एकदाही केलं नव्हतं, त्यामुळे काही एरर नव्या होत्या की माझ्याच उरल्यासुरल्या कचऱ्याच्या, ते आता सांगता येणार नाही.

या खेपेला ब्रिज पास झाला आणि प्रायमरी स्टोरेज, म्हणजे व्हीएमच्या डिस्क असतात ते, अडलं. एनएफएस सर्व्हरवर परवानगी दोनच पत्त्यांना होती. स्टोरेज बघणाऱ्या मॅडमना कळवलं, त्यांनी पंधरा मिनिटांत तिसरा पत्ता घातला. "फॉर्म?" मी विचारलं. "याला नाही लागत," त्या म्हणाल्या. मी अजून त्याचा विचार करते आहे.

११ तारीख, मंगळवार

सकाळी ९:४० ला होस्टपुढे हिरवं 'अप' आलं. मी स्क्रीनचा फोटो काढला.

आणि लगेच धावपळ, कारण होस्ट 'अप' झाला की क्लाउडस्टॅकच्या लेखी तो कामाला मोकळा. कुणीतरी नवी व्हीएम सुरू केली तर ती थेट इथेच येऊन बसेल, आणि मला याच्यावर अजून काडीचा भरवसा नव्हता. होस्ट 'डिसेबल' करून ठेवला. या अवस्थेत एजंट जोडलेला राहतो, पण नव्या व्हीएम त्याच्यावर पाठवल्या जात नाहीत. हे आधी करायचं असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी तुम्हाला सांगते आहे.

दुपारी तात्पुरता 'एनेबल' करून एक रिकामी चाचणी व्हीएम त्याच्यावर सुरू केली. तिला आयपी मिळाला, पिंग गेलं, कन्सोल उघडला. मग पुन्हा 'डिसेबल'. संध्याकाळी साहेबांना "झालं" असं कळवून मी वेळेवर घरी गेले.

१२ तारीख, बुधवार

शनिवारी जे खरोखर करायचं होतं ते अजून केलंच नव्हतं. चालू व्हीएम न थांबवता पहिल्या होस्टवरून तिसऱ्यावर न्यायची होती. पहिल्या होस्टवर एक बिनमहत्त्वाची व्हीएम तयार केली, तिसरा चाचणीपुरता पुन्हा 'एनेबल' केला आणि 'मायग्रेट' दाबलं.

नापास. पहिल्या होस्टच्या एजंट लॉगमध्ये दिसलं की तो तिसऱ्याच्या १६५१४ वर जोडायला बघतोय. टिपणवहीत तर १६५०९. फरक असा: १६५०९ म्हणजे लिबव्हर्टचं कूटबद्ध नसलेलं टीसीपी पोर्ट, १६५१४ म्हणजे टीएलएसचं, कूटबद्ध. क्लाउडस्टॅकच्या ४.११ आवृत्तीपासून मॅनेजमेंट सर्व्हर स्वतःच प्रमाणपत्रं वाटतो आणि तशी प्रमाणपत्रं मिळालेले होस्ट एकमेकांशी टीएलएसने बोलतात. वहीतली ओळ त्याच्या आधीच्या काळातली. यूएफडब्ल्यूमध्ये १६५०९ खोडून १६५१४ घातलं. हे मशीन अजून माझं एकटीचं होतं, त्यामुळे फॉर्म नाही, पाच मिनिटं.

पुन्हा 'मायग्रेट'. पुन्हा नापास, पण कारण नवं. लिबव्हर्ट म्हणत होता: गेस्टला त्याच होस्टवर स्थलांतरित करण्याचा प्रयत्न. आणि पुढे एक लांबलचक यूयूआयडी, म्हणजे मशीनचा ओळख क्रमांक.

त्याच होस्टवर? पत्ता वेगळा, नाव वेगळं, मशीन दोन रॅक पलीकडे. मी उठून जाऊन बघितलं, खरंच. दोन मशीन होती.

यूयूआयडी कुठून येतो ते बघायला दोन्ही होस्टवर लिबव्हर्टच्या व्हर्श या साधनाची 'कॅपॅबिलिटीज' कमांड चालवली. तिच्या उत्तरात अगदी वर होस्टचा यूयूआयडी असतो. दोन खिडक्या शेजारी ठेवल्या आणि बोट ठेवून अक्षरं जुळवली. छत्तीसच्या छत्तीस सारखी. पहिला होस्ट तिसऱ्याला फोन लावतो, तिसरा आपली ओळख सांगतो, पहिला म्हणतो हा तर मीच. आणि फोन ठेवून देतो.

जुन्या सहकाऱ्याला फोन केला.

"अरे, होस्टचा यूयूआयडी तू हाताने घातला होतास का कुठे?"

"हो अगं. त्या दोन मशीनच्या बोर्डांत कारखान्यातूनच एक सारखाच आकडा भरून आला होता. लिबव्हर्ट तोच उचलायचा, मायग्रेशन होईना. म्हणून दोघांना वेगवेगळे बनवून लिबव्हर्टच्या फाइलमध्ये लिहून ठेवले. का गं?"

मी काही वेळ बोललेच नाही.

"फाइल उचललीस ना?" तो म्हणाला.

त्याने जी ओळ दोन होस्ट वेगळे राहावेत म्हणून लिहिली होती, तीच उचलून मी तिसऱ्याला पहिल्याची ओळख देऊन टाकली होती. नवा यूयूआयडी तयार करून त्या ओळीत घातला, लिबव्हर्ट आणि एजंट रीस्टार्ट केले. लिबव्हर्ट रीस्टार्ट केल्याने चालू व्हीएम बंद पडत नाहीत, त्या वेगळ्या प्रोसेस म्हणून चालत राहतात. तरी मी श्वास रोखून होते. तिसरा 'मायग्रेट'. चाचणी व्हीएमवर पिंग चालू ठेवलं होतं. एक उत्तर हरवलं, पुढचं आलं. व्हीएम तिसऱ्या होस्टवर होती. संध्याकाळचे सात वाजून दहा मिनिटं.

१३ तारीख, गुरुवार

जाणं जमलं, येणं जमेना. स्थलांतरात सुरुवातीचा होस्ट पुढच्याच्या दारात जातो, त्यामुळे परतीच्या वेळी जुन्या होस्टचं यूएफडब्ल्यू आडवं आलं. ते फक्त एकमेकांचे पत्ते ओळखत होते. आणि जुने होस्ट म्हणजे चालू यंत्रणा, तिथे एक ओळ बदलायची तरी बदल-विनंती. त्या दिवशीच्या बैठकीत मंजूर झाली असती तरी लागू सोमवारी, १७ ला. शनिवारच्या देखभालीच्या आराखड्यात मात्र ठसठशीत लिहिलेलं: परतीची वाट आधी तपासलेली असावी.

राहिला तातडीचा बदल. त्याला विभागप्रमुखांची सही लागते आणि त्या फॉर्ममध्ये एक रकाना असतो, 'हे आधी का लक्षात आले नाही?' मी दोन-तीनदा लिहून खोडलं. शेवटी लिहिलं, 'मी फक्त एका दिशेची चाचणी केली होती.' सही अर्ध्या तासात मिळाली. साहेब म्हणाले, या रकान्यात एवढं छोटं उत्तर पहिल्यांदाच वाचतोय. या वेळी दिशेचा रकाना मी बाण काढून भरला होता, दोन ओळीत दोन बाण. दादांनी काही न विचारता पुढे पाठवला.

१४ तारीख, शुक्रवार

दुपारी दोनला नियम लागू झाले. चाचणी व्हीएम तिसऱ्यावरून पहिल्यावर, पहिल्यावरून तिसऱ्यावर, तिसऱ्यावरून दुसऱ्यावर. सगळ्या दिशा एकदा करून घेतल्या. मग होस्ट कायमचा 'एनेबल' ठेवला आणि खऱ्या व्हीएम हलवायला घेतल्या, एकेक करून, लहानपासून मोठीकडे. सगळ्यात मोठीला अकरा मिनिटं लागली, कारण तिच्यातला डेटाबेस मेमरीत सतत काहीतरी लिहीत असतो आणि बदललेला भाग पुन्हा पुन्हा पाठवावा लागतो. साडेसहापर्यंत पहिला होस्ट रिकामा झाला होता.

हिशेब विचाराल तर टाइमशीटवर माझे ३१ तास आहेत. त्यातले सात रीबूट आणि टाइमआउटची चाकं बघण्यात, पाच फॉर्म आणि फोनमध्ये, आणि पहिल्या सोमवारचा एक तास प्रॉक्सी शोधण्यात. कुठलीही चालू व्हीएम बंद पडली नाही.

जायच्या आधी टिपणवही काढली. १६५०९ वर काट मारून १६५१४ लिहिलं. 'ब्रिज आधी बनव'च्या खाली दोन्ही ब्रिजची नावं, लेबलं आणि तो बाणांचा कागद चिकटवला. लिबव्हर्टच्या फाइलसमोर लिहिलं: उचलू नकोस, वाच.

बॅग भरताना मेल आला, सुरक्षा विभागाकडून. रूट पासवर्डच्या अपवादासाठी ३ तारखेला केलेला माझा अर्ज मंजूर झाला होता. तो मागे घेण्याचा अर्ज अजून विचाराधीन आहे.